चावण्याआधी चिंगीनं काय सांगितलं होतं

पत्र:

«आम्ही फोंडा तालुक्यात राहतो. जुनं कौलारू घर, पुढे सोपा, मागे परसू. दीड महिन्यापूर्वी म्हापशाच्या एका ओळखीच्या आजींची तीन वर्षांची मांजर आम्ही घरी आणली, कारण आजी मुलाकडे पुण्याला राहायला गेल्या. आजी तिला मनी म्हणत. आमच्या नऊ वर्षांच्या लेकीनं तिचं नाव चिंगी ठेवलं. पहिले आठ दिवस ती तांदळाच्या पिंपामागे बसून होती. आता घरभर फिरते. सकाळी शेपटी उंच करून पायांत घुटमळते, पण मांडीवर घेऊन कुरवाळलं की थोडा वेळ घुरघुरते आणि एकदम चावते. जमिनीवर लोळून पोट दाखवते आणि लेकीनं हात लावला की चारही पायांनी हात धरते. ह्यांच्या चपला हुंगून तोंड उघडं टाकून बसते, आणि हे घरात शिरले की फिस्कारते. कपाटावर बसून आमच्याकडे एकटक बघते, मग डोळे मिटते. एका कानाचं टोक तुटलेलं आहे. सासरे म्हणतात, ही भांडखोर आहे, डूख धरते, हिच्यापेक्षा कुत्रा बरा. ती खरंच आमच्यावर रागावली आहे का? परत पाठवावी का? चवथीला घर माणसांनी भरेल, त्याआधी काय ते ठरवायचं आहे.»
— एक वाचक, फोंडा

सप्रेम नमस्कार,

परत पाठवू नका. तुम्ही इतकं बारकाईनं लिहिलं आहे की चिंगी मला जवळजवळ दिसली, आणि रागावलेली मांजर मला त्यात कुठे सापडली नाही. घर सुटलं, माणूस सुटलं, नाव बदललं, पिंजऱ्यातून गाडीनं दुसऱ्या तालुक्यात आली, वर पावसाळा. एवढं सगळं झाल्यावर दीड महिन्यात ती शेपटी उभारून तुमच्या पायांत येते, ही मोठी गोष्ट आहे. अडचण एवढीच की ती जे सांगते ते तुमच्यापर्यंत अर्धंच पोचतं, आणि उरलेलं तिला दातांनी सांगावं लागतं.

मांडीवरच्या चावण्यापासूनच सुरुवात करू, कारण घर सोडायची पाळी मांजरीवर कित्येकदा यामुळेही येते. तुम्हाला ते एकदम वाटतं. पुढच्या वेळी हात फिरवताना तिच्या तोंडाकडे बघू नका, शेपटीच्या टोकाकडे बघा. आधी फक्त टोक हलू लागेल. मग पाठीवरची कातडी क्षणभर थरथरेल, माशी बसल्यावर थरथरते तशी. कान पुढे असतील ते बाजूला वळतील, चपटे होऊ लागतील. घुरघुर थांबेल किंवा तिचा सूर तुटेल. अंग जरा ताठ होईल. शेवटी ती मान वळवून तुमच्या हाताकडे बघेल. एवढं सगळं होऊनही हात फिरतच राहिला तर ती चावते. म्हणजे तिनं पाच-सहा वेळा सांगून झालेलं असतं. आणि लाडात असतानाच असं का, तर कित्येक मांजरींना स्पर्श आवडतो, पण तो एका मर्यादेपर्यंतच. त्यापुढे तोच स्पर्श त्यांना टोचू लागतो. ही मर्यादा प्रत्येक मांजरीची वेगळी असते, आणि नव्या घरात आलेल्या मांजरीची फार लवकर येते.

यावर उपाय सोपा आहे. दोन-तीन वेळा हात फिरवा आणि थांबा. हात मागे घ्या, बाजूला ठेवा. तिला आणखी हवं असेल तर ती स्वतः डोकं हाताला घासेल. नको असेल तर तशीच बसून राहील किंवा उठून जाईल; जाऊ द्या. आणि मांडीवर उचलून घेऊच नका, तिला चढू दे. हात कुठे फिरवायचा हेही महत्त्वाचं. गालांवर, हनुवटीखाली, कानांच्या बुडाशी. तिथे वासाच्या ग्रंथी असतात आणि मांजरी एकमेकींना घासतात त्याही तिथेच. पोट आणि शेपटीचं बूड टाळा. नॉटिंगहॅम ट्रेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२१ साली लंडनमधल्या बॅटरसीच्या प्राणी निवाऱ्यातल्या मांजरींसोबत हेच करून पाहिलं. माणसांना थोडक्यात शिकवलं: सुरुवात मांजरीला करू द्या, तिच्या अंगाकडे लक्ष ठेवा, हात योग्य जागीच लावा. त्यानंतर त्याच मांजरी जास्त जवळ आल्या आणि कमी चावल्या. बदलली होती ती माणसांची वागणूक, मांजरी त्याच होत्या.

पोट दाखवण्याबद्दल लेकीला तुम्हीच समजावून सांगा. तिची यात काहीच चूक नाही, मोठी माणसंही इथेच फसतात. चिंगी तिच्यासमोर लोळते, कारण तिला त्या मुलीपासून भीती वाटत नाही. सगळ्यात नाजूक भाग उघडा टाकून ती पडते, हा विश्वास झाला. पण पोटाला हात लावा असं त्यात कुठेही म्हटलेलं नसतं. हात पोटाशी गेला की अंग आपोआप आक्रसतं, पुढचे पाय हात पकडतात, मागचे झाडले जातात. शिकार धरायची आणि शत्रूपासून सुटायची रीत तीच असते. तेव्हा चिंगी लोळली की लेकीनं दोन हात लांब बसून तिच्याशी बोलावं. खेळायचं असेल तर परसात पडलेल्या माडाच्या चुडताचा एक लांब हीर घ्यावा, टोकाला कापडाची चिंधी बांधावी आणि जमिनीवरून सरपटत न्यावी. खेळ हाताशी कधीच नको. बोटं हलवून मांजरीला उड्या मारायला लावलं की बोटं हीच शिकार असं ती शिकते. खेळ संपल्यावर हीर उंचावर ठेवा, चिंधीचा दोरा मांजरीच्या पोटात जाणं वाईट.

सासऱ्यांचं मत मला मनापासून समजून घ्यावंसं वाटतं. ज्यांनी आयुष्यभर दारात कुत्रा पाळला त्यांना मांजर तिरसट वाटते, कारण बऱ्याच खुणा नेमक्या उलट पडतात. कुत्र्याची सैलपणे हलणारी शेपटी बहुधा आनंदाची. मांजरीची आपटणारी शेपटी म्हणजे तिला ताण आला आहे. कुत्रा पोट दाखवतो तेव्हा पुष्कळदा खाजवून हवं असतं. कुत्र्याच्या पूर्वजांना कळपात राहायचं होतं, म्हणून राग शांत करायच्या, नमतं घ्यायच्या शंभर खुणा त्यांच्याकडे आहेत. मांजरीचा रानटी पूर्वज एकटा शिकार करणारा, आणि आपल्यापेक्षा मोठ्या जनावरांची शिकार होणारा. असा प्राणी भांडण मिटवण्यापेक्षा अंतर वाढवतो. डूख धरणं वगैरे काही नसतं. एखाद्या माणसाच्या येण्याबरोबर वाईट अनुभव जोडला गेला तर ती त्या माणसापासून दूर राहते, आणि चांगला अनुभव जोडला गेला तर जवळ येते. म्हणून माझी एक विनंती आहे: सकाळचं खाणं सासऱ्यांच्या हातून द्या. काही बोलायला नको, हात लावायला नको, वाटी ठेवून आपल्या खुर्चीत बसायचं. रोज.

आणि तिची उभी शेपटी त्यांना दाखवा. मांजरीची पिल्लं आईकडे जाताना अशीच शेपटी उभारून जातात, आणि पाळीव मांजर ही खूण मोठेपणीही जपते, ओळखीच्या मांजरींसाठी आणि माणसांसाठी. टोक किंचित वाकलेलं असेल तर आणखी बरं. पण उभी शेपटी फुगून दुप्पट जाड झाली असेल, पाठीचा कणा कमानीसारखा वर आला असेल, तर ती घाबरली आहे आणि मोठी दिसायचा प्रयत्न करते आहे. पोटाखाली घेतलेली शेपटी हीही भीतीच. सगळं लक्षात ठेवायची गरज नाही. एक अवयव बघून अर्थ लावायचा नाही, हे लक्षात ठेवलं तर पुरे. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या झाल्या म्हणजे भीती असेल, खेळाची उत्सुकता असेल, किंवा पावसाळी दुपारी घरात उजेडच कमी असेल. कान, शेपटी, अंगाचा ताठपणा आणि आजूबाजूला त्या क्षणी काय चाललं आहे, हे एकत्र बघितलं की बहुतेक वेळा उलगडा होतो.

आता तुमच्या यजमानांबद्दल. उघडं तोंड आणि फिस्कारणं या दोन्हींचं मूळ मला एकच वाटतं: वास. चपला हुंगून वरचा ओठ जरा उचलून, तोंड अर्धवट उघडं ठेवून, कुठेतरी हरवल्यासारखी ती बसते ना, तेव्हा ती तो वास तोंडात घेऊन तपासत असते. मांजरीच्या टाळूत, वरच्या पुढच्या दातांच्या मागे, दोन बारीक छिद्रं असतात आणि ती वासाच्या एका वेगळ्याच इंद्रियाकडे जातात. डॅनिश शास्त्रज्ञ याकोबसन यांच्या नावानं ते ओळखलं जातं. दुसऱ्या प्राण्यांच्या, विशेषतः त्यांच्या लघवीच्या वासाची माहिती त्यातून मिळते. चेहरा रागीट दिसतो, पण ती तेव्हा फक्त वाचत असते. म्हणजे बहुधा यजमानांच्या चपलांवर कुठल्या तरी कुत्र्याचा किंवा बोक्याचा वास रोज घरी येतो आहे. कामाच्या ठिकाणी एखादा कुत्रा पायाशी येऊन बसतो का, हे त्यांना विचारा. ते घरात शिरतात तेव्हा चिंगीच्या दृष्टीनं तो कुत्राही घरात शिरतो.

फिस्कारणं म्हणजे «तिथेच थांब». यापुढे हल्ला होईलच असं नसतं. हल्ला करायची वेळ येऊ नये म्हणूनच ती फिस्कारते. त्यासाठी तिला ओरडू नका, पाणी मारू नका. भीतीपोटी सूचना देणाऱ्या प्राण्याला शिक्षा झाली की तो सूचना द्यायचं सोडतो आणि पुढच्या वेळी थेट ओरबाडतो. यजमानांनी चपला बाहेरच ठेवाव्यात, हात-पाय धुवून, कपडे बदलून मग सोप्यात बसावं. तिच्याकडे बघत उभं राहू नये. बसलेलं माणूस मांजरीला कमी धोक्याचं वाटतं, आणि तोंड जरा बाजूला वळवलेलं असेल तर आणखीनच. आजींनाही पुण्याला फोन करून विचारा, त्यांच्या घरी पुरुषमाणूस कधी असायचं का. कित्येक मांजरींना जाड आवाजाची, जड पावलांची सवयच नसते आणि त्यात द्वेष वगैरे काही नसतो. फोनवर असाल तेव्हा आजींच्या वापरातलं एखादं जुनं लुगडं कुणाबरोबर पाठवता येईल का, तेही बघा. न धुतलेलं. चिंगीच्या झोपायच्या जागी ते अंथरा.

आणि ती हाकेला वळत नाही असं झालं तर वाईट वाटून घेऊ नका. जपानमधल्या एका अभ्यासात, २०१९ सालच्या, मांजरी आपलं नाव इतर शब्दांतून वेगळं ओळखतात असं दिसलं. पण पुष्कळ मांजरी ओळखूनही फक्त कान किंवा डोकं हलवतात, उठून येत नाहीत. काही दिवस «मनी-चिंगी» अशी जोडून हाक मारायला तुमच्या लेकीची हरकत नसेल तर तिला सोपं जाईल.

कपाटावरून बघणं मला पत्रातलं सगळ्यात आवडलं. उंच जागा मांजरीला सुरक्षित वाटते. तिथून सगळं दिसतं आणि मागून कुणी येत नाही. एकटक, न मिटता रोखलेली नजर दोन मांजरींमध्ये धमकी असते, हे खरं. पण चिंगी बघते आणि मग डोळे सावकाश मिटते. ससेक्स आणि पोर्ट्समथ विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२० साली दाखवलं की माणसानं मांजरीकडे बघून डोळे हळूहळू अर्धवट मिटले, तर मांजरही तसंच करते, आणि असं करणाऱ्या अनोळखी माणसाच्या हाताशीही जास्त येते. तुम्ही सगळ्यांनी करून बघा. लांबून, नजर मऊ ठेवून, डोळे सावकाश मिटायचे, क्षणभर तसेच ठेवायचे, उघडायचे आणि दुसरीकडे बघायचं. यजमानांनी तर रोज करावं, त्यांना हात लावायला मिळत नाही तोवर तिच्याशी बोलायचा हाच मार्ग आहे.

कानाबद्दल थोडक्यात सांगण्यासारखं आहे: टोक सरळ रेषेत कापलेलं असेल तर ती नसबंदी झाल्याची खूण आहे. भूल दिलेली असतानाच ती करतात, म्हणजे त्याच मांजरीला पुन्हा शस्त्रक्रियेसाठी धरू नये. भांडणात फाटलेला कान वेडावाकडा असतो. चिंगी कदाचित आजींकडे येण्याआधी रस्त्यावर होती आणि कुणा भल्या माणसानं तिची काळजी घेतली होती. पशुवैद्याकडून एकदा खात्री करून घ्या.

पशुवैद्याचा विषय निघालाच आहे, तर इथे जरा थांबते, कारण स्वभाव समजून ज्याकडे दुर्लक्ष होतं ते कधी कधी दुखणं असतं. घुरघुरणं म्हणजे नेहमी सुख नव्हे. दुखत असताना, घाबरलेली असताना, दवाखान्याच्या टेबलावरही मांजर घुरघुरते. डोळे मिटण्याचेही दोन प्रकार आहेत. सैल चेहऱ्यानं सावकाश मिटलेले डोळे निवांतपणाचे. आकसून बारीक केलेले डोळे वेदनेचे असू शकतात. माँट्रियल विद्यापीठातल्या पशुवैद्यांनी २०१९ साली मांजरीच्या वेदना चेहऱ्यावरून ओळखायची एक पट्टी तयार केली, त्यात पाच गोष्टी बघतात: कान एकमेकांपासून दूर जाऊन बाहेर वळले आहेत का, डोळे आकसले आहेत का, नाकातोंडाचा भाग ताणला आहे का, मिशा सरळ आणि ताठ झाल्या आहेत का, आणि डोकं खांद्यांच्या रेषेखाली झुकलं आहे का. हे एकत्र दिसलं, किंवा ती पाय पोटाशी घेऊन कुबड काढून तासन्‌तास बसू लागली, अंग चाटायचं सोडलं, नेहमीच्या जागी हात लावूनही ओरडली, तर वाट बघू नका. धापा टाकत तोंडानं श्वास घेणं हे चपला हुंगल्यावरच्या उघड्या तोंडापेक्षा अगदी वेगळं आणि तातडीचं आहे. ज्यांच्या घरी बोका आहे त्यांनी हेही ध्यानात ठेवावं: तो पुन्हा पुन्हा लघवीला बसतो, कुंथतो आणि थेंबही येत नाही, असं दिसलं तर त्याच दिवशी दवाखाना गाठा, उद्यावर ढकललं तर जीव जाऊ शकतो. आणि घरातली तापाची गोळी मांजरीला कधीच देऊ नका. पॅरासिटामॉल तिच्यासाठी विष आहे.

चावल्याचंही गंभीरपणे सांगते. मांजरीचे दात बारीक आणि टोकदार, जखम वरून छोटी दिसते पण खोल जाते, आणि दुसऱ्या दिवशीपर्यंत हात सुजू शकतो. कातडी फुटली की वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि जवळच्या आरोग्य केंद्रात दाखवा. गोव्यात कुत्र्यांच्या मोठ्या लसीकरणामुळे रेबीज पुष्कळ आटोक्यात आला आहे, तरी माणसाला टोचून घ्यायची की नाही हे डॉक्टरच ठरवतील. चिंगीची रेबीजची लस झाली आहे का ते आजींना विचारा, नसेल तर चवथीआधी टोचून घ्या.

आता चवथ. तुम्ही निर्णयाची मुदत म्हणून तिच्याकडे बघता आहात, पण त्या दिवसांत चिंगी कशी वागते यावरून तिचा स्वभाव ठरवणं अन्यायाचं होईल. माणसाला साधारण वीस हजार हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, मांजरीला साठ हजारांच्याही वर. घुमट वाजवत म्हटलेल्या आरत्या, झांजा, फटाके, अंगणात स्कूटर, घरात वीस माणसं आणि त्या सगळ्यांच्या चपलांचे वास! पाहुणे यायच्या चार-पाच दिवस आधीच आतली एक खोली तिची करून टाका. लुगडं, पाणी, खाणं एका बाजूला, शी-शूसाठी मातीचं तबक दुसऱ्या बाजूला, आणि लपायला एक आडवा ठेवलेला खोका. खोक्यातून तिला कुणीही ओढून काढायचं नाही, पाहुण्यांच्या मुलांना दाखवायलासुद्धा नाही. दार लावलेलं आणि त्यावर चिठ्ठी. लपणं हा तिचा धीर धरण्याचा मार्ग आहे. लपायला जागा मिळालेली मांजर लवकर सावरते. गणपतीवर टांगलेल्या फळाफुलांच्या माटोळीखाली तिला मोकळी सोडू नका. लोंबणारी फळं बघून उडी मारण्याचा मोह तिला आवरणार नाही, आणि रानातून आणलेल्या जिनसांत कळलावी असेल तर ती मांजरीलाच काय, माणसालाही विषारी आहे. कळलावीची फुलं आणि कंद चिंगीच्या तोंडाला लागणार नाहीत असं बघा.

विसर्जन झालं, घर रिकामं झालं, की खोलीचं दार उघडा आणि आपापल्या कामाला लागा. ती त्याच संध्याकाळी बाहेर येईल किंवा दोन दिवस पुन्हा तांदळाच्या पिंपामागे जाऊन बसेल, दोन्ही ठीक. रात्री घर निजल्यावर वाटी रिकामी होते आहे आणि तबक वापरलं जातं आहे, एवढं बघत राहा. एक पूर्ण दिवस उलटून तिनं काहीच खाल्लं नाही तर मात्र पशुवैद्याला फोन करा. उपाशी राहिलेल्या मांजरीचं यकृत दोन-तीन दिवसांतच बिघडू लागतं.